वाऱ्याने ठेवलेला दगड



वैशाख सरत आला की एखाद्या संध्याकाळी एकाएकी आभाळ भरून येते, धूळ उठते आणि आपल्या या उपनगरांत एकच धावपळ सुरू होते. घाटकोपरच्या टेकडीवरील घरे घ्या, मुलुंडच्या जुन्या चाळी घ्या, नाहीतर अंधेरी-बोरिवलीची गावठाणे घ्या. वाळत घातलेले कपडे ओढून घेतले जातात, पापडाची चटई आत येते आणि घरातील कोणीतरी छपराकडे पाहून विचारतो, "पत्र्यावर दगड आहेत ना?" दगड नसले तर जुने टायर ठेवतात. वळवाचा वारा पत्रा उडवतो हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही.

पण हा पत्रा उडतो कसा? वारा खालून शिरतो व त्याला ढकलतो, असे आपण समजतो. ती अर्धीच गोष्ट झाली. छपरावरून वारा वेगाने वाहू लागला की पत्र्याच्या वरच्या अंगाचा दाब कमी होतो. घरातील हवा मात्र जवळजवळ स्थिर असते. तिचा दाब होता तसाच राहतो. वरचे ओझे हलके झाले, खालचे तसेच राहिले, म्हणून पत्रा वर उचलला जातो. विमान उडते तेही याच न्यायाने. विमानाचा पंख म्हणजे विचारपूर्वक वाकवलेला पत्रा होय, आणि आपला पत्रा म्हणजे नको त्या वेळी पंख झालेले छप्पर!

आज आम्ही ज्या माणसाची कथा सांगणार आहो त्याचे सारे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरले. मात्र त्याचा पत्रा घरावर नव्हता, शर्यतीच्या मोटारीवर होता. त्याचे नाव फ्रँक कॉस्टिन. शर्यतीच्या मोटारींचे नाव निघाले की आपल्याला चालक आठवतात, फार तर इंजिन आठवते. गाडीच्या अंगावरून वारा कसा जाईल हे ठरविणारा माणूस कोणाला आठवत नाही. त्याने केलेले काम डोळ्यांना दिसत नाही, कारण वारा दिसत नाही. न दिसणाऱ्या कामाची किंमत कशी चुकवावी लागते, एवढेच आम्हाला आज सांगावयाचे आहे.

इंग्लंडातील या गृहस्थाचा आणि आमच्या उपनगरांचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दूरचा आहे, पण आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादेवरून जुहूच्या धावपट्टीवर उतरले. टाटांच्या हवाई टपालसेवेची ती सुरुवात. ज्या जुहूला आज हेलिकॉप्टरे उतरतात तेच हे जुहू. खाडीकाठची ती जमीन पावसाळ्यात चिखल होई, तेव्हा विमानांना पुण्याचा आसरा घ्यावा लागे. त्या दिवशी जुहूला उतरलेले चिमुकले विमान होते 'पस मॉथ' आणि ते बांधणारी कंपनी होती इंग्लंडची डी हॅव्हिलंड. कॉस्टिन हा याच डी हॅव्हिलंडच्या घरातला माणूस. आमच्या किनाऱ्यावर ज्या विद्येचे विमान उतरले, तीच विद्या पुढे त्याने मोटारीला नेऊन लावली.

ती लावण्याची गरज का पडली, हे आधी पाहू. जुहूच्या चौपाटीवरून वाऱ्याच्या तोंडावर सायकल हाकून पाहावी. हळू चालविली तर वारा जाणवत नाही. जोर लावला की तो छातीवर हात ठेवून आपल्याला मागे रेटतो. हिशेब असा की वेग दुप्पट केला तर हवेचा विरोध चौपट होतो आणि तो विरोध मोडून त्या वेगाने धावण्यास लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून केवळ मोठे इंजिन बसवून वेग वाढविणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. एका मर्यादेनंतर इंजिनाची बहुतेक कमाई वाराच खाऊन टाकतो. गाडीचा आकार सुधारला, तर मात्र इंजिन तेच ठेवून वेग मिळतो.

हे ज्ञान जर्मनीत १९३० नंतरच्या काळात बरेच पुढे गेले होते. गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल हे या शास्त्राचे आचार्य होते. त्यांच्या हाताखाली त्या काळात एक मराठी विद्यार्थी शिकत होता, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कोल्हापूरकडच्या त्या तरुणाचे नाव विष्णु माधव घाटगे. १९३६ मध्ये त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. त्यांच्याकडे आम्ही शेवटी परत येऊ. त्याच गॉटिंगेनच्या संशोधनसंस्थेत पुढे १९३९ च्या सुमारास कार्ल श्लोर याने एक मोटार बनविली. विमानाच्या पंखाचा आडवा छेद घेऊन त्यावरून तिचा आकार काढला होता आणि वाऱ्याचा विरोध तिला आश्चर्य वाटावे इतका कमी होत होता. पण अशा गाडीचे दुसरे अंगही जर्मनीला तोवर कळून चुकले होते. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफुर्टजवळच्या महामार्गावर सकाळीच रुडॉल्फ काराचिओला याने मर्सिडीज गाडीतून ताशी ४३२ किलोमीटरांचा विक्रम केला. थोड्या वेळाने बेर्न्ट रोझेमायर तो मोडण्यासाठी ऑटो युनियनची गुळगुळीत, चहूकडून झाकलेली गाडी घेऊन निघाला. त्याच वेगात असता गाडी रस्ता सोडून गेली आणि रोझेमायर मृत्यू पावला. बाजूने आलेला वारा हे त्याचे कारण सांगितले जाते. समोरच्या वाऱ्याला वाट करून दिली, बाजूच्या वाऱ्याला मात्र तेच मोठे गुळगुळीत अंग धरावयास मिळाले. वाऱ्याशी एका बाजूने तह करून भागत नाही, हा या अपघाताचा धडा होता.

आता कॉस्टिनकडे वळू. त्याचा जन्म ८ जून १९२० रोजी लंडनजवळच्या हॅरो येथे झाला. डी हॅव्हिलंडमध्ये विमानांच्या वायुगतीचे काम करता करता तो तयार झाला. त्याचा धाकटा भाऊ माइक हाही आधी त्याच कंपनीत होता. पुढे तो कॉलिन चॅपमन या तरुणाने काढलेल्या लोटस या नव्या, गरीब कारखान्यात गेला. १९५४ मध्ये या धाकट्या भावाने थोरल्याला विचारले, "आमच्या नव्या गाडीला अंग काढून देशील का?" लोटसपाशी मोठी इंजिने घ्यावयास पैसा नव्हता. वारा मात्र श्रीमंत-गरीब सर्वांना सारखाच असतो. त्याला चुकविण्याची अक्कल असली म्हणजे झाले.

थोरल्या भावाने जे अंग काढून दिले त्याला 'लोटस मार्क आठ' म्हणतात. त्या काळी मोटारीचे अंग कारागिराच्या डोळ्याने घडे. रेषा देखणी दिसली की पत्रा ठोकीत. कॉस्टिनने रेषा गणिताने काढली. नाक लांब व खाली झुकलेले, चाके झाकलेली आणि मागे दोन्ही बाजूंस विमानाच्या शेपटीसारखे उभे पडदे. हे पडदे शोभेचे नव्हते. बाजूचा वारा आला तरी गाडीचे तोंड सरळ राहावे म्हणून ते होते. रोझेमायरच्या मरणाने जो प्रश्न विचारला होता त्याचेच हे उत्तर. अशा गाडीचा खरेखोटेपणा तपासण्याची एक साधी रीत विमानवाल्यांची आहे. अंगावर लोकरीचे छोटे धागे चिकटवावयाचे व गाडी पळवून पाहावयाचे. धागा सपाट झोपला तर वारा अंगाला धरून जातो आहे. धागा फडफडला तर तेथे वारा सुटून भोवरा धरतो आहे. न दिसणारा वारा दिसावा म्हणून लोकरीचा धागा! त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत चॅपमनने या गाडीतून जर्मनांच्या पोर्शेला मागे टाकले. गाडीचे इंजिन दीड लिटरचे होते, फार मोठे नव्हते. पुढे 'मार्क नऊ' व 'लोटस इलेव्हन' या गाड्यांचे अंगही त्यानेच काढले.

मग मोठे काम आले. टोनी व्हँडरव्हेल हा बेअरिंगांचा कारखानदार. त्याच्या मनात इटलीच्या लाल गाड्यांना हरविणारी ब्रिटिश गाडी काढावयाची होती. १९५६ साठी गाडीचा सांगाडा चॅपमनने आखला आणि अंगासाठी त्याने कॉस्टिनचे नाव सुचविले. अशी 'व्हॅनवॉल' जन्मास आली. ती इतर गाड्यांहून उंच दिसे. चालकाच्या मागे मोठे कुबड आणि पुढे लांब निमुळते नाक. पाहणाऱ्यांस ती बोजड वाटे. वाऱ्याला मात्र ती बोजड वाटत नव्हती, कारण नाकापासून शेपटापर्यंत त्याला कोठेही अडखळावे लागत नव्हते. धुराडेसुद्धा अंगात बुजवून बसविले होते. २० जुलै १९५७ रोजी एन्ट्री येथे स्टर्लिंग मॉस व टोनी ब्रुक्स यांनी आळीपाळीने ती चालवून ब्रिटिश ग्रां प्री जिंकली. जागतिक विजेतेपदाच्या शर्यतीत ब्रिटिश चालकांनी ब्रिटिश गाडीतून मिळविलेला तो पहिला विजय. १९५८ मध्ये व्हॅनवॉलने सहा ग्रां प्री जिंकल्या आणि गाडी बनविणाऱ्यांसाठी त्या वर्षी प्रथमच ठेवलेले विजेतेपद पटकाविले. परंतु त्याच हंगामाच्या शेवटच्या, मोरोक्कोच्या शर्यतीत स्टुअर्ट लुईस-एव्हन्स हा तरुण चालक व्हॅनवॉलमध्ये भाजला व थोड्याच दिवसांत वारला. विजेतेपदाच्या आनंदाला ही काळी कड आहे. ती पुसून इतिहास सांगणे बरे नव्हे.

या यशाच्या ऐन मध्यावर कॉस्टिनच्या वाट्याला एक अपयश आले आणि आमच्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत शिकविणारी गोष्ट तीच आहे. फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीसाठी मॅसेराटी कंपनीची एक बंद छपराची गाडी १९५७ मध्ये बनवावयाची ठरली. मॉसच्या आग्रहाने अंगाची आखणी कॉस्टिनकडे आली. त्याने नकाशे पाठविले. मिलानच्या झगाटो कारखान्याने घाईघाईत पत्रा ठोकला. कारागीर नाणावलेले, हाताची सफाई उत्तम. पण वेळ थोडा होता, म्हणून काही भाग गाळले. कोणते? जे दिसत नाहीत ते! गाडीच्या पोटाखालचा सपाट पत्रा गाळला आणि चालकाला थंड हवा पोचविणाऱ्या वाटाही राहून गेल्या. वरून गाडी डौलदार दिसत होती. खालून मात्र वारा जेथे तेथे अडकून भोवरे धरीत होता. शर्यतीत ही झाकलेली गाडी आपल्याच उघड्या भावंडापेक्षा सरळ रस्त्यावर हळू धावली. आत बसलेले मॉस व त्याचा जोडीदार हॅरी शेल भट्टीत बसल्यासारखे शिजून निघाले आणि शेवटी गाडी मोडून शर्यतीबाहेर पडली.

घर बांधणाऱ्या गृहस्थाला ही गोष्ट समजावून सांगावयास नको. दर्शनी भिंतीचा रंग उत्तम आणि जमिनीखालची गटारवाट गाळलेली, असे घर पहिल्या पावसातच बोलू लागते. कॉस्टिनचा नकाशा म्हणजे एक अखंड वाक्य होते. त्यातील क्रियापद काढून टाकले आणि मग अर्थ लागत नाही म्हणून वाक्यालाच दोष दिला!

यानंतर कॉस्टिनने एक वेगळीच वाट धरली. १९५९ मध्ये जेम मार्श याच्याबरोबर त्याने 'मार्कोस' गाडी काढली. दोघांच्या नावांतील अक्षरे जोडून हे नाव झाले. या गाडीचा सांगाडा लोखंडाचा नव्हता, प्लायवुडचा होता! लोक हसले. पण युद्धकाळात डी हॅव्हिलंडने 'मॉस्किटो' नावाचे लाकडी विमान बनविले होते आणि ते आपल्या काळातील अतिशय वेगवान विमानांत गणले जात होते. पातळ फळ्या एकावर एक डकवून घडवलेले लाकूड हलके असते व पिळवटत नाही, हे कॉस्टिनला विमानाने शिकविले होते. पुढे जगज्जेता झालेला जॅकी स्टुअर्ट आपल्या सुरुवातीच्या दिवसांत अशी मार्कोस चालवीत असे. १९६७ मध्ये 'प्रोटॉस' नावाची लाकडी अंगाची शर्यतीची गाडीही कॉस्टिनने आखली. लोकमताची फिकीर न करता पदार्थाच्या गुणावर भरवसा ठेवणारा हा माणूस होता. ५ फेब्रुवारी १९९५ रोजी तो वारला.

परंतु त्याच्या हयातीतच त्याचे शास्त्र त्याच्यापुढे निघून गेले होते. कॉस्टिनच्या पिढीचा प्रश्न होता : वारा आडवा येतो, त्याला चुकवावे कसे? पुढच्या पिढीने प्रश्नच उलटा केला : वारा आहेच, तर त्याच्याकडून काम करून का घेऊ नये? येथे आपला पत्रा पुन्हा येतो. वेगवान गाडीचे फुगीर अंग म्हणजे वळवातले छप्पर. त्याला उचलले जावेसे वाटते. उचलली गेलेली गाडी वळणावर घसरते. वर दगड ठेवावा तर चाक रस्त्याला घट्ट धरील, पण दगडाचे वजन ओढावे लागेल आणि वळणावर तेच वजन गाडीला बाहेर फेकील. मग वजन नसलेला दगड कोठून आणावा? विमानाचा पंख उलटा करून बसवावा! विमानाला जो वारा वर उचलतो तोच उलट्या पंखाला खाली दाबतो. हा वाऱ्याने ठेवलेला दगड होय.

मिशेल मे या तरुण स्विस इंजिनियराने १९५६ मध्येच आपल्या पोर्शेवर असा उलटा पंख बसविला होता. न्युर्बुर्गरिंगच्या अधिकाऱ्यांनी तो काढावयास लावला. १९६६ मध्ये अमेरिकेत जिम हॉलने 'चॅपरल' गाडीवर उंच पंख लावला. १९६८ मध्ये ग्रां प्रीच्या गाड्यांनाही पंख फुटले आणि मग चढाओढ सुरू झाली. पंख उंच होत गेले, त्यांचे खांब बारीक होत गेले. दगडाचा हिशेब झाला, दगड ज्यावर ठेवला त्या काठीचा हिशेब राहिला. ४ मे १९६९ रोजी बार्सेलोनाच्या माँजुइक रस्त्यावर ग्रॅहॅम हिल याच्या लोटसचा पंख मोडला व गाडी कठड्यावर आदळली. थोड्याच वेळाने त्याच जागी त्याचा सोबती योखेन रिंट याचा पंख मोडला. हिल सुखरूप सुटला. रिंटच्या चेहऱ्याला इजा झाली. दबाव नाहीसा झाला की वळणातली गाडी क्षणात अनाथ होते. रिंटने जाहीर पत्र लिहून पंखांना विरोध केला आणि पंधरवड्यातच मोनाकोच्या शर्यतीपूर्वी उंच पंखांवर बंदी आली. पंख पुढे आले ते ठेंगणे होऊन, अंगाला घट्ट धरून.

यानंतरचा शोध आणखी विलक्षण. लोटसचा पीटर राइट हा लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील वाऱ्याच्या बोगद्यात गाडीची छोटी प्रतिकृती तपासत होता. बोगद्याची जमीन पट्ट्याची असून ती वाऱ्याबरोबर धावे. प्रतिकृतीच्या बाजूंचे भाग खालच्या पट्ट्याकडे ओढले जात आहेत आणि मापे बदलत आहेत, असे त्याच्या ध्यानी आले. गाडीच्या पोटाखालची वाट अरुंद करून पुढे रुंदावली, तर तेथून जाणारी हवा वेग घेते, तिचा दाब उतरतो आणि सारी गाडीच रस्त्याला चिकटते. यातून १९७७ ची 'लोटस ७८' व पुढची 'लोटस ७९' निघाली. १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता झाला. आता ध्यानात घ्या की हे सारे कोठे घडले? गाडीच्या पोटाखाली. वीस वर्षांपूर्वी मिलानच्या कारखान्याने जो भाग 'दिसत नाही' म्हणून गाळला होता, तोच भाग आता विजेतेपदे देऊ लागला!

आता घरी परतू. गॉटिंगेनहून डॉक्टरेट घेऊन आलेले आमचे घाटगे काय करीत होते? त्यांनी शर्यतीची मोटार बनविली नाही. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाला शर्यतीपेक्षा वैमानिकांची निकड होती. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली 'एच.टी.-२' हे शिकाऊ वैमानिकांचे विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. १९६४ मध्ये उडालेले 'किरण' हे जेट विमानही त्यांच्याच हाताखाली घडले. भारताच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले आकाश या विमानांतून पाहिले. कॉस्टिन व घाटगे यांची विद्या एकच. गरजा दोन देशांच्या दोन. आणि नशीबही एकच : ज्यांनी त्यांची यंत्रे चालविली त्यांची नावे लोकांना पाठ, ज्यांनी वाऱ्याचा हिशेब मांडला ते पोटाखालच्या पत्र्यासारखे नजरेआड.

ही विद्या आता आपल्या अगदी दाराशी आली आहे. पवईच्या आय.आय.टी.मध्ये विमानविद्येचा विभाग आहे आणि तेथील विद्यार्थ्यांनी विजेवर चालणारी शर्यतीची गाडी स्वतः बांधून इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या विद्यार्थी-स्पर्धेला नेली आहे. ज्या सिल्व्हरस्टोनवर कॉस्टिनच्या मार्क आठने नाव काढले तेच ते ठिकाण. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी अशा कामात असेल. ती गाडी घेऊन आली की आपण विचारतो, "किती वेगाने जाते? चालवतो कोण?" आमची विनंती एवढीच, की एकदा खाली वाकून पाहावे आणि विचारावे, "हिच्या पोटाखाली काय केले आहे?" ज्याने ते केले असेल त्याचे तोंड त्या प्रश्नाने उजळेल.

वारा कोणाची प्रतिष्ठा पाहत नाही, कोणाची घाई मानीत नाही आणि जो भाग आपण गाळतो तो विसरत नाही. वळीव येण्याच्या आधी छपरावर चढून दगड सारखे करणारी बाई हे जाणते. फ्रँक कॉस्टिनने आयुष्यभर तेच केले. फक्त त्याची छपरे वाऱ्याच्या वेगाने धावत होती.